पिशवी दाखवा!

माझ्या नजरेतून पिशवी सुटली, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाईच आहे, पण खरी आहे!

कारखान्याच्या गेटवर पिशव्या तपासणं हे माझं काम. पाळी सुटली की दोनशे माणसं रांगेने समोरून जायची आणि मी म्हणायचो, "पिशवी दाखवा." खरं तर दाखवायचीही गरज नसायची. पिशवी खांद्याला कशी लटकतेय आणि माणूस तिच्याकडे मुद्दाम बघत नाहीये का, एवढ्यावर मला आतला माल कळायचा. एकाने जेवणाच्या डब्यात तांब्याची तार गुंडाळून बसवली होती. जेवून झालेला डबा, आणि खांदा सकाळपेक्षा जास्त झुकलेला! दुसरा भर उन्हाळ्यात छत्री घेऊन निघाला. छत्रीत सहा पितळी नळ्या होत्या. दोघांनाही पकडलं तेव्हा त्यांनी मला शिव्या घातल्या नाहीत. उलट विचारलं, कळलं कसं? हा माझा मान होता.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि आठ महिन्यांपूर्वी आमची ही गेली.

त्यावर मला फार बोलता येत नाही. हिचं कपाट माझ्याच खोलीत आहे. ते आवरायला हवं असं सूनबाईने दोनदा हळूच सुचवलं आणि मी दोनदा उद्या म्हणालो. तिसऱ्यांदा तिने सुचवलं नाही, म्हणून मीच उघडलं. खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात एक अर्धी पिशवी.

क्रोशाने विणलेली, गुलाबी दोऱ्याची, खांद्याला लावायची छोटी पिशवी. तळ झालेला, भिंत तीन बोटं चढलेली, आणि विणकाम जिथे थांबलं त्या शेवटच्या फासात एक सेफ्टी पिन लावून बंद केलेली. शेजारी दोन फुलं. पिवळी, पाच पाकळ्यांची, रुपयाएवढी. सुईखाली एक कागद होता, त्यावर हिच्या अक्षरात लिहिलं होतं: आठव्या वाढदिवसाला आठ फुलं.

आठवा वाढदिवस आमच्या नातीचा. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण साखरेचा डबा कुठेही लपवा, ती पोचते. हिने तिला पिशवी कबूल केली होती हे मला ठाऊक होतं. वाढदिवसाला पंचवीस दिवस उरले होते.

मी तिथेच ठरवलं. पिशवी मी पुरी करायची. कुणाला कळू द्यायचं नाही. मुंगीला द्यायची आणि सांगायचं, आजीने करून ठेवली होती. त्यात काय एवढं? एक सुई, एक दोरा, सहा फुलं. ज्याने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या ओळखल्या, त्याला एक पिशवी करता येणार नाही?

फक्त एक गोष्ट पक्की केली. हिची पिन काढायची नाही. मालावर सील असेल तर ते तोडायचं नाही, हा गेटचा नियम. पिन होती तशी ठेवून मी त्याच फासात सुई घालायची, म्हणजे कुठपर्यंत हिचं आणि कुठून माझं, हे कायम दिसेल. हिचा एक टाकाही हलता कामा नये. बाकी काहीही झालं तरी चालेल.

बाकी काहीही झालंच.

पहिलं फूल करायला मला दोन दिवस लागले आणि ते बघून मला वाटलं की यावर कुणाचा तरी पाय पडलाय. मग मी लोकरवालीकडे गेलो. तिचं दुकान कारखान्याच्या गेटसमोरच, रस्त्यापलीकडे. एकतीस वर्षं मी ते दुकान समोर बघितलं, आत एकदाही गेलो नव्हतो. मी फूल काउंटरवर ठेवलं. तिने ते उलटंसुलटं केलं.

"गेटवाले, हे काय आहे?"

"फूल."

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे सरकवली. दर दिवसाआड दुपारी तीन ते चार तिने मला शिकवायचं ठरलं. साखळी, खांब, पुन्हा साखळी. शिकवता शिकवता ती म्हणाली की तुमच्या बायकोचा हात फार सारखा होता, माझ्याकडे वीस वर्षं तिचाच दोरा जास्त खपला.

माझे कान टवकारले. ही कधी या बाजूला आली नव्हती. आली असती तर मला गेटवरून दिसली नसती? मी तसं विचारलं. लोकरवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "टाके मोजा. अकरा झालेत, बारा हवेत."

चष्मा पुसणारा माणूस काहीतरी लपवत असतो. मी मनात नोंद केली. पण त्याहून मोठं प्रकरण घरात सुरू झालं.

पाचव्या दिवशी डब्यात हिची दोन आणि माझी दोन अशी चार फुलं होती. दुपारी मी लोकरवालीकडे गेलो, परत आलो, डबा उघडला. चारच फुलं होती. पण माझी दोन नव्हती! त्यांच्या जागी दोन सरळ, गोल, पाच पाकळ्यांची फुलं होती. अगदी हिच्यासारखी.

मी पलंगावर बसलो. क्षणभर माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर तुमच्याही मनात तेच आलं असतं. मी कपाटाकडे बघून हिला हाकही मारली, अगदी हळू. मग माझं मलाच कसंतरी झालं. गेले आठ महिने जी आली नाही ती काय माझी फुलं दुरुस्त करायला येणार? आणि आली असती तर आधी माझ्या खोलीतला पसारा बघून बोलली असती.

तेव्हा हे काम जिवंत माणसाचं. आणि जिवंत माणसं पकडण्यात माझं आयुष्य गेलंय.

संशयित दोन. एक सूनबाई. ती सकाळी दवाखान्यात नावं नोंदवायचं काम करते, दोनला मुंगीला शाळेतून घेऊन घरी येते. म्हणजे तीन ते चार घरात तीच. दुसरी मुंगी, जिचे हात कायम चिकट. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, दुपारचं तिथेच जेवतो, आणि त्याला शर्टाचं बटणही लावता येत नाही. त्याचं नाव मी यादीत घातलंच नाही.

सूनबाईला मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं की दुपारी कुणी आलं होतं का.

"कोण येणार बाबा? घरचीच माणसं," ती म्हणाली. मग तिनेच मला विचारलं, दुपारचं फिरणं मानवतंय का, कुठल्या बाजूला जाता, आणि शर्टाला हे गुलाबी काय लागलंय. मी म्हटलं, बागेत फुलं आहेत. ती म्हणाली, हो का, छान. एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली, पण निवडताना हसत होती. नोंद केली.

मुंगीला बोलावून हात दाखवायला सांगितले. चिकट होते. पण डब्यावर चिकट डाग नव्हता. उलट तिनेच विचारलं, "आजोबा, तुम्ही पोलीस होता का?" मी म्हटलं, त्याच्या वरचा. 

मग मी गेटच्या पद्धती वापरल्या. कपाटासमोर अंगाला लावायची पावडर पातळ पसरली. परत आलो तर पावडरीत एक स्वच्छ पाऊल! मी श्वास रोखून माझं पाऊल शेजारी ठेवून बघितलं. तंतोतंत जुळलं. म्हणजे पावडर पसरून झाल्यावर मीच त्यातून चालत गेलो होतो. एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाने पुसायचं फडकं आणलं आणि गुपचूप लादी पुसली.

दुसऱ्या खेपेला डब्याच्या झाकणात केस अडकवून ठेवायचा ठरवला. झाकण उघडलं, तर आतून कागदाचा एक बारीक कपटा खाली पडला. तो मी ठेवला नव्हता. कुणीतरी माझ्याआधी तोच सापळा लावला होता. म्हणजे चोर माझ्यावर पाळत ठेवत होता! 

आता मला घरातल्या प्रत्येकाचा संशय यायला लागला. दूधवाला दारात जरा जास्त रेंगाळला तर मी त्याची बोटं बघायचो. मुलगा जेवताना बशीकडे बघत गप्प बसला तर वाटायचं, सूनबाईने याला सांगितलंय. सूनबाई बोलली तर वाटायचं की विषय बदलतेय, आणि गप्प बसली तर वाटायचं की विचार करतेय.

फुलांपर्यंत मी सहन केलं. पण एके दिवशी डबा उघडला आणि पिशवी बोटांनी मोजली. पिशवीची भिंत मी दोन बोटं वर नेली होती, ती एकच बोट उरली होती. कुणीतरी माझ्या ओळी उसवल्या होत्या आणि नव्या घालत होतं. आज माझ्या उसवल्या. उद्या हात जरा पुढे गेला तर? पिनेच्या खाली हिचे टाके होते. ते एकदा निघाले की ते परत घालणारं कुणी नाही. तेच टाके पुन्हा विणले तरी ते हिचे नसणार.

वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. मी शेवटचा सापळा लावला.

पिशवीचा चालू दोरा कपाटाच्या माथ्यावर नेला आणि तिथल्या पातेल्याला बांधला. पातेल्यात घरातले सगळे चमचे भरले. डबा कुणी उचलला की पातेलं खाली. तीन वाजता मोठ्याने सांगितलं, मी फिरायला निघालो. चपला घातल्या, दार उघडलं, जोरात बंद केलं, चपला हातात घेतल्या आणि माझ्याच खोलीच्या दाराआड उभा राहिलो.

वीस मिनिटं गेली. मग बाहेरचं दार किल्लीने उघडल्याचा आवाज आला. पावलं चोरटी. कुणीतरी खोलीत शिरलं, कपाट उघडलं, डबा उचलला.

पातेलं पडलं! चाळीस चमचे एकदम फरशीवर पडले तर कसा आवाज होतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी दाराआडून उडी मारली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "थांब! पिशवी दाखव!"

समोर माझा मुलगा होता. बत्तीस वर्षांचा, नाकावर चष्मा, खिशात क्रोशाची सुई. मला बघून त्याने डबा टाकला आणि तो पळाला! का पळाला हे त्याला आजही सांगता येत नाही. लहानपणी हा आवाज ऐकून तो पळायचा, पायांना तेवढंच आठवलं असावं.

मी पुरावा म्हणून पिशवी उचलली. आणि माझ्या हातात ती थरथरली. दोरा त्याच्या बुटात अडकला होता. तो पळत होता आणि माझ्या हातातली पिशवी टाका टाका कमी होत होती.

मी ओरडलो, थांब. त्याला वाटलं मी रागावलोय, तो आणखी जोरात पळाला. आता माझ्यापुढे एकच उपाय होता. मी थांबलो की दोरा ताणला जाणार आणि पिशवी उसवणार. म्हणून मीही पळायला लागलो. त्याला पकडायला नाही, दोरा सैल ठेवायला! पण मी मागे लागलोय हे बघून तो थांबेना, आणि तो थांबत नाही म्हणून मला थांबता येईना. बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल आहे. त्याभोवती आम्ही बापलेक किती फेऱ्या मारल्या मला आठवत नाही. एकदा मी त्याच्या इतका मागे पडलो की तोच माझ्या मागून येतोय असं वाटलं. आतल्या खोलीच्या दारात सूनबाई आणि झोपेतून उठलेली मुंगी उभ्या होत्या.

"आई, बाबा पकडणार की आजोबा?" मुंगीने विचारलं.

मग माझा दम संपला. मी टेबलाला धरून उभा राहिलो. दोरा ताणला गेला. माझी एक ओळ गेली. त्याची एक ओळ गेली. आणखी एक. मी पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरली, पण दोरा बोटांमधून सुटतच होता. मी डोळे मिटले.

एक हिसका बसला आणि सगळं थांबलं. मुलगा सोफ्यावर उताणा पडला होता.

मी डोळे उघडले. हातात तळ होता आणि तीन बोटं भिंत. शेवटच्या फासात हिची पिन, तशीच बंद. दोरा तिला घट्ट अडकून उभा होता. हिचा एक टाका हलला नव्हता.

मी खाली फरशीवरच बसलो. 

मग मुलगा म्हणाला, "बाबा, ती फुलं तुम्ही करत होता?"

"मग कोण करणार?"

"मला वाटलं मुंगी. तिला डबा सापडला असेल, आजीची आठवण म्हणून करत असेल, म्हणून तिला बोललो नाही. फुलं बघून कुणालाही तसंच वाटलं असतं." मग मुंगीकडे बघून घाईने म्हणाला, "कसली फुलं, काही नाही, तू आत जा." ती गेली नाही.

"आणि झाकणातला कपटा?"

"तो मीच लावला होता. तुमच्याकडूनच शिकलोय."

हिच्यामागे पिशवी पुरी करायची हे त्यानेही ठरवलं होतं, माझ्याआधी चार दिवस. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी घराबाहेर असतो हे हेरून तो यायचा. मी विचारलं, तुला हे येतं कसं? तो चष्मा पुसायला लागला.

नऊ वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला होता, दोन महिने प्लास्टर. तेव्हा हिने त्याला शिकवलं. एक दिवस मी पाळी संपायच्या आधीच घरी आलो, त्याच्या हातात सुई बघितली, काढून घेतली आणि म्हणालो, हे तुझं काम नाही. त्याने हे सांगितलं तेव्हा मला ते आठवत नव्हतं. म्हणजे आठवलं, पण आठवायला मी जरा वेळ घेतला. त्यानंतर मायलेक माझ्या पाठीमागे विणत राहिले. वर्षानुवर्षं. माझ्या घरात. आणि मला पत्ता नाही!

मी माझ्या खिशातली सुई काढून त्याच्यापुढे धरली. "जप्त केलेला माल परत," म्हणालो. त्याने ती घेतली. स्वतःच्या खिशातली काढून मला दिली, कारण ती जाड होती आणि नवशिक्यांना जाड बरी पडते.

सूनबाई चमचे गोळा करत होती. ती म्हणाली की दोघांचेही शर्ट मीच धुते, दोघांच्याही खिशात गुलाबी धागे पंधरा दिवस बघतेय. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "आई गेल्यावर पहिल्यांदाच तुम्ही दोघं कशात तरी रमला होता," ती म्हणाली. "मी कशाला मध्ये पडू?"

एकतीस वर्षं गेटवर सूनबाईला बसवायला हवं होतं.

पुढचे नऊ दिवस आम्ही दोघांनी टेबलावर बसून उघड उघड विणलं. भिंत त्याने केली, कारण ती सरळ हवी होती. पट्टा मी केला. आठ फुलं भरली: हिची दोन, त्याची पाच आणि माझं एक, जे मोडायचं नाही असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मुंगीने सगळा पाठलाग बघितलेला असल्यामुळे आजीने करून ठेवली होती ही गोष्ट बारगळली होती. वाढदिवसाला तिने पिशवी हातात घेतली, फुलं एकेक करून बोटाने मोजली आणि माझ्या फुलावर थांबली.

"आजोबा, याला सहा पाकळ्या आहेत."

"असू दे. एक जास्त."

ती बराच वेळ विचार करत होती. मग तिने पिशवी उलटी करून अशी अडकवली की ते फूल आतल्या बाजूला गेलं. पण त्यानंतर आठ दिवस तिने पिशवी खांद्यावरून काढली नाही, जेवतानासुद्धा. पिन आम्ही तिथेच राहू दिलीय. 

आता एकच प्रकरण उरलं होतं. एवढी वर्षं हिला दोरा मिळायचा कुठून? मुलाला माहीत नव्हतं. त्याला एवढंच आठवत होतं की मी कामावरून घरी आलो की थोड्या वेळाने आई त्याला आत बोलावून नवा गुंडा द्यायची. माझ्या डोक्यात लोकरवालीचा चष्मा आला. मी खांद्याला पिशवी लावून तडक दुकानात गेलो आणि काउंटरवर हात टेकून विचारलं, "खरं सांगा. माल माझ्या घरात कोण पोचवत होतं?"

तिने मला खुर्ची दिली. तुमची डब्याची पिशवी कुठे असायची, तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या केबिनच्या बाहेर, खिळ्याला. आत जागा नव्हती. "आणि मी रोज दुपारी पाणी भरायला कुठे यायचे?" गेटवरच्या नळावर. खिळ्याच्या शेजारी. सकाळी ही डब्याखाली चिठ्ठी ठेवायची, दुपारी लोकरवाली ती काढून दोरा ठेवायची, आणि संध्याकाळी दोनशे लोकांच्या पिशव्या तपासून झाल्यावर मी माझी पिशवी खांद्याला लावून थेट घरी जायचो. 

तिने गल्ल्याखालचा खण उघडला आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. शेवटची आहे, म्हणाली, टाकवली नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवसाची. हिचंच अक्षर.

"उद्यापासून हे घरी. पिशवीची वाट बंद झाली. दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. इतका विश्वासू माणूस मिळणार नाही."

चिठ्ठी खिशात घालून मी निघालो. दारात लोकरवाली म्हणाली, गेटवाले, पिशवी दाखवा. मी दाखवली. मी न विचारताच तिने त्यात पिवळ्या दोऱ्याचा एक गुंडा टाकला होता, आणि तो कधी टाकला हे मला आजही कळलेलं नाही.